सान्साचं प्रकरण सोडू नको

बाळा,
काल फोनवर म्हणालीस ना, मावशे, 'अ गेम ऑफ थ्रोन्स'मध्ये लै माणसं आहेत, एकाची गोष्ट रंगात आली की पान उलटलं तर भलताच कुणीतरी, म्हणून आता नुसती जॉनची नि आर्याचीच प्रकरणं वाचायले. तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच फिरायलंय. असं करू नको गं. एकही प्रकरण सोडू नको.

हे जॉर्ज मार्टिनचं 1996 चं इंग्रजी कादंबरीचं पुस्तक. सुरुवातीचं प्रकरण सोडलं तर सगळी गोष्ट 8 जणांच्या डोळ्यांनी दिसते, प्रकरणाच्या वर ज्याचं नाव त्याला जेवढं ठाऊक तेवढंच आपल्याला. आर्याच्या आईचं, कॅटलिनचं वाचताना टिरियनच गुन्हेगार वाटतो, लगेच टिरियनचं वाच, तुझं मत बदलतं का नाही बघ. ते नुसतं जॉन-जॉन करून कळणार नाही.

आमच्याकडं श्रावणात आजोबा पांडवप्रताप लावायचे. 64 अध्याय. आजीला अक्षर येत नव्हतं, पण कोण कुणाचा कोण हे तिचं कधी चुकलं नाही, कारण सकाळी कापसात खुरपताना बायका त्याच्यावरच भांडायच्या, कर्णाचं चुकलं का कुंतीचं. कुणी यादी करून दिली नव्हती. तू पण प्रकरण संपलं की पेन्सिलीनं खाली एकच ओळ लिही: ह्याला काय पाहिजे नि ह्याला काय माहीत नाही. बस. इंटरनेटवर वंशावळी काढत बसू नको, पुढचं सगळं फुटतं.

मी हे का सांगते? मी सान्सा, म्हणजे आर्याची थोरली बहीण, सोडली होती. नुसती राजकुमार, लग्न, चांगले कपडे, मला चीडच यायची, मी सरळ तलवारवाल्या आर्याकडं पळायचे. मग शेवटाकडं तिच्या बापावर जे आलं त्यातलं निम्मं मला कळलंच नाही, कारण सान्सा कुणाजवळ काय बोलून बसली ते मी गाळलेल्या पानांत होतं. काय ते सांगत नाही, तू पोच तिथं.

आणि खरं सांगू, माझी थोरली बहीण पण मी अशीच सोडली. एकोणिसाव्या वर्षी मान खाली घालून लग्नाला उभी राहिली, मला ती गुळमुळीतच वाटायची. मी भांडून शिकले, परभणीला खोली घेऊन राहिले, त्याचा मला आजही पस्तावा नाही, भांडले नसते तर आज तुला हे पत्र कुणी लिहिलं असतं? पण तिनं तेव्हा हो का म्हणलं हे मी वीस वर्षं विचारलं नाही. विचारलं तेव्हा म्हणली, एकाच्याच शिक्षणापुरते पैसे होते घरात.

म्हणून चिडते मी तुझ्यावर. प्रकरण सोडू नको म्हणजे सोडू नको. अभ्यास आटोपला की रोज रात्री एकच वाच, दोन महिने लागू दे नाहीतर चार. सान्साचं आलं की सावकाश वाच, पेन्सिलीची ओळ लिही आणि मला फोन लाव, कितीबी वाजले असू दे.

तुझी मावशी