दुभाष्याच्या खुर्चीत मूल नको

प्रश्न: मी अमेरिकेत एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करते. इंटर्नशिपमध्ये स्थलांतरित कुटुंबांच्या घरी जाऊन बाळांच्या मानसिक आरोग्याचं काम करायचं आहे. एका घरी दहा महिन्यांचं बाळ आहे. आई फारसं बोलत नाही, आठ वर्षांचा मुलगा भाषांतर करतो. माझं काय चुकतंय?

उत्तर: मुलाकडून भाषांतर करून घेणं, हेच. आपली भीती, घरातली भांडणं आई पोटच्या पोराच्या तोंडून सांगणार कशी? त्या पोरावरही ते ओझंच. संस्थेकडे प्रशिक्षित दुभाषी मागा, फोनवरचाही चालेल. भेटीआधी दहा मिनिटं त्याला सांगा: काही गाळायचं नाही, पदरचा सल्ला घालायचा नाही. बोलताना आईकडे बघा आणि दोन वाक्यांनंतर थांबा.

पहिल्याच भेटीत फॉर्म काढू नका. जमिनीवर बसा. बाळ रडल्यावर आईकडे वळतं का, तिच्या कुशीत शांत होतं का, ते पाहा. नजरेला नजर कमी दिसली म्हणून लगेच निष्कर्ष नको. काही घरांत ती रीतच असते.

आईला बाळंतपणानंतरचं नैराश्य आहे का हे पाहायला दहा प्रश्नांची एडिनबरा प्रश्नावली वापरणार असाल, तर आईच्या भाषेतलं तपासलेलं भाषांतरच घ्या. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. ‘कधीच नाही’ सोडून दुसरं कुठलंही उत्तर आलं, तर घराबाहेर पडण्यापूर्वी सुपरवायझरला फोन करा.

कुटुंबाच्या व्हिसाबद्दल कामापुरतंच विचारा. गरज नसेल तर नोंदीत लिहूच नका.