अपाचे विरुद्ध मस्टँग: आकड्यांवर भुलू नका

कोल्हापूरच्या आपल्या सिम्युलेटर मंडळात आपण नव्याने आला आहात, म्हणून सुचवतो की अपाचे हे लढाऊ हेलिकॉप्टर आणि मस्टँग हे दुसऱ्या महायुद्धातले पंख्याचे लढाऊ विमान यांच्या सिम्युलेटरवरील लढतीचा निकाल केवळ वेगावरून लावू नये. पी-५१डी मस्टँग ताशी सुमारे ७०० किलोमीटर गाठते, अपाचे ३००च्या आतच राहते. तरीही १९७०च्या दशकाअखेरीस अमेरिकेत झालेल्या जे-कॅच या हेलिकॉप्टर विरुद्ध लढाऊ विमान अशा लष्करी चाचण्यांत हेलिकॉप्टरे जेट लढाऊ विमानांनाही भारी पडली होती. मस्टँगच्या सहा मशीनगन पंखांत पक्क्या बसवलेल्या असल्यामुळे वैमानिकाला अख्खे विमानच लक्ष्यावर रोखावे लागते, तर अपाचेची ३० मिलिमीटरची तोफ शिरस्त्राणाशी जोडलेली असल्याने तोफचीने मान वळवली की नळीही तिकडे वळते. त्यातच पन्हाळ्याच्या कड्यालगत झाडांच्या शेंड्यांवर तरंगणारे हेलिकॉप्टर जागच्या जागी तोंड फिरवते आणि सूर मारणाऱ्या विमानाला मात्र जमिनीच्या धाकाने लवकर वर उचलावे लागते.

मस्टँग घेतलेत, तर वळणांच्या झटापटीत मुळीच पडू नका. अपाचेची तोफ नाकाखाली असल्याने ती वर फारशी उचलता येत नाही. तेव्हा उंची राखून मागून, वरून एकच झडप घाला आणि वेग न मोडता निघून जा. क्षेपणास्त्रे मात्र सुरुवातीलाच वगळा, नाहीतर खेळण्यासारखे काही उरत नाही.