दर उन्हाळ्यात ‘येणारे’ डोळे

नेत्ररुग्णालयात समुपदेशक म्हणून काम करताना मार्च उजाडला की एक प्रश्न हमखास कानावर पडतो: “याचे डोळे दरवर्षी येतात, घरात इतरांना लागण होईल का?” गेल्या उन्हाळ्यात मराठवाड्यातल्या एका आईने हाच प्रश्न विचारला, तेव्हा तिचा नऊ वर्षांचा मुलगा शेजारी बसून मुठींनी डोळे चोळत होता. शाळेने त्याला तिसऱ्यांदा घरी पाठवले होते आणि आजीने त्याचे ताट-वाटी वेगळे केले होते.

डॉक्टरांनी त्याची वरची पापणी उलटून पाहिली, तेव्हा आतून ती खडी पसरल्यासारखी उंचसखल झालेली होती. हा ‘व्हर्नल केराटोकंजंक्टिव्हायटिस’ म्हणजे डोळ्यांची अ‍ॅलर्जी; उष्ण, कोरड्या हवेच्या भागात, विशेषतः मुलग्यांमध्ये तो अधिक आढळतो आणि वयात आल्यावर बहुतेकांचा त्रास ओसरतो. मी आईला सांगितले, “ताई, साथीचे डोळे आठवड्या-दोन आठवड्यांत बरे होतात, पण ते एकाकडून दुसऱ्याला लागतात. याचा त्रास मात्र कोणालाच लागत नाही. असह्य खाज, तारेसारखा चिकट स्राव आणि दर उन्हाळ्यात तोच त्रास, ही याची ओळख आहे.”

मग मी आतापर्यंत कोणते औषध घातले ते विचारले. तिने पिशवीतून एक बाटली काढली. वारंवार हाताळून तिच्यावरची अक्षरे पुसट झाली होती. दोन उन्हाळे औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेले ते स्टिरॉइडचे थेंब होते. डोळ्याचा दाब साधारणपणे 21 मिमी (पाऱ्याच्या मापात) पर्यंत असावा, मुलाचा 30 होता. दाब असाच राहिला तर काचबिंदू होऊन गेलेली दृष्टी परत येत नाही, आणि हे थेंब दीर्घकाळ वापरल्यास मोतीबिंदूही होऊ शकतो, हे ऐकताच ती म्हणाली, “मॅडम, मीच पोराचं वाटोळं केलं.”

मला तिचा दोष मुळीच वाटला नाही. रात्री तळमळणारे पोर ज्या थेंबाने सकाळी हसू लागते, तो थेंब कोणतीही आई पुन्हा आणणारच. स्टिरॉइड डॉक्टरही देतात, परंतु मोजके दिवस आणि दाब तपासत. तेवढा फरक दुकानात तिला कोणी समजावला नव्हता.

डॉक्टरांनी ते थेंब थांबवून अ‍ॅलर्जीचे आणि सायक्लोस्पोरिनचे, म्हणजे स्टिरॉइड नसलेले पण डोळ्यातली प्रतिकारशक्तीची अतिप्रतिक्रिया शमवणारे, थेंब दिले. खाज सुटली की चोळण्याऐवजी बंद डोळ्यांवर गार पाण्याची घडी ठेवायची, हे आम्ही मुलाकडून तिथेच करवून घेतले, कारण सतत चोळल्याने बुबुळाचा पारदर्शक पडदा पातळ होऊन शंकूसारखा पुढे येऊ शकतो. वर्गशिक्षकांसाठी आजार संसर्गजन्य नसल्याची चिठ्ठीही दिली.

सहा आठवड्यांनी दाब 18 वर आला. नव्या बाटलीवर मुलाने ती उघडल्याची तारीख स्वतः लिहिली होती. खाज पूर्ण गेलेली नाही, पुढच्या उन्हाळ्यातही यावे लागेल. पण आजी आता त्याला आपल्या शेजारी जेवायला बसवते, हे त्याने दाबाच्या आकड्याआधी सांगितले.