अण्णांना ‘साधी गाठ’ सांगू नका

*ताई, वडिलांच्या तळपायावरचा काळा डाग आम्ही वर्षभर कुरूप समजलो, कॉर्न कॅप लावत राहिलो. आता जांघेत अवधाण आलंय. बायोप्सीत मेलानोमा, म्हणजे त्वचेचा कॅन्सर निघाला, तिसरी स्टेज. पेट स्कॅनमध्ये बाकी कुठे काही नाही. डॉक्टर म्हणतात, आधी इम्युनोथेरपीचे तीन डोस, मग ऑपरेशन. काका म्हणतात, “गाठ अंगात ठेवून कसली औषधं देताय? आधी कापा.” अण्णांना आम्ही ‘साधी गाठ’ एवढंच सांगितलंय. कुणाचं ऐकू? – एक लेक, सातारा*

अगं, कॉर्न कॅपचं मनाला लावून घेऊ नकोस. आपल्याकडे मेलानोमा बरेचदा तळपायालाच होतो, आणि तिथला डाग कुणालाही कुरूपच वाटतो.

काका म्हणतात तीच रीत इतकी वर्षं होती. पण ही औषधं किमोसारखी गाठीवर थेट घाव घालत नाहीत, शरीरातल्या रोगाशी लढणाऱ्या टी-पेशींचा ब्रेक काढतात. गाठ जागेवर असली की त्या पेशींना शत्रू नीट ओळखता येतो, मग इतरत्र लपलेलेही त्या हुडकतात. अमेरिकेत 313 रुग्णांवर हेच तपासलं, 2023 मध्ये निकाल छापून आला. दोन्ही गटांना पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाचे 18 डोसच ठरले होते, फक्त एका गटाला त्यातले तीन ऑपरेशनच्या आधी. दोन वर्षांनी आजार न बळावलेले, न उलटलेले त्या गटात 72 टक्के, दुसऱ्यात 49.

मात्र तळपायाच्या मेलानोमाला ही औषधं सरासरीने कमी लागू पडतात. म्हणून डॉक्टरांना स्पष्ट विचार: मधे तपासणी कधी, आणि गाठ वाढली तर ऑपरेशन अलीकडे घेणार का? खर्चही सगळ्या डोसांचा विचार, पहिल्या तीनचा नको. आकडा लाखांत जातो.

मला राग आला तो ‘साधी गाठ’चा. ब्रेक काढलेल्या पेशी कधी आपल्याच आतड्यावर, यकृतावर, थायरॉईडवर उलटतात. उद्या अण्णांना दिवसातून पाच-सहा वेळा जुलाब झाले, तर ते काय करतील? “काल मिसळ बाधली” म्हणतील, ताकात जिरेपूड टाकून पितील आणि दोन दिवस कुणाला बोलणार नाहीत. खरं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन जायला हवा, वेळेत स्टेरॉईड दिलं तर बहुतेकदा आवरतं. पण साध्या गाठीच्या माणसाला जुलाबाचा आणि सलाईनमधून दिलेल्या त्या औषधाचा संबंध कसा कळावा?

आजच जेवणं झाल्यावर आई असताना सांग. “अण्णा, गाठ कॅन्सरची आहे. स्कॅनमध्ये पुढे पसरलेली दिसत नाही. इलाज ठरलाय.” मग गप्प बस. ते विचारतील तेवढंच सांग. बहुधा त्यांना कळलेलंच असेल. हॉस्पिटलच्या दारावरची पाटी त्यांनाही वाचता येते.

काकांनाही बोलव. भाऊ आहे, जीव घाबरलाय म्हणून ओरडतो. दुसरं मत हवं असेल तर बायोप्सीच्या स्लाइड्स आणि स्कॅनची सीडी घेऊन त्यांनाच मुंबईला पाठव, फक्त पहिल्या डोसाची तारीख त्यापायी पुढे जाऊ देऊ नकोस. परत आले की डोसांची वही त्यांच्याकडे दे.