बोटीत गाडीचा स्टार्टर बसवू नका

तुम्ही विचारलंय, की सेकंडहँड बोट घेतली आहे, आत पेट्रोल इंजिन आणि गॅसची शेगडी आहे, तर आग विझवायचा सिलिंडर कोणता घ्यावा. सिलिंडरचं शेवटी सांगतो. आधी इंजिनवरचं झाकण उघडा आणि स्टार्टर (इंजिन सुरू करणारी मोटर) आणि अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा) कसले आहेत ते बघा. जुन्या बोटींना बरेचदा गाडीचे बसवलेले असतात, कारण स्वस्त पडतात आणि लगेच मिळतात.

आमच्या भाऊजींनी हेच केलं. त्यांची बोट गुजरातेत चांदोदला नर्मदेत असते. मी वडोदऱ्याजवळ नंदेसरीला, रसायनांच्या कारखान्यांत, इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये जन्म काढला. सॉल्व्हंट जिथे हाताळतात तिथे साधं बटणसुद्धा लावू देत नाहीत, सगळं फ्लेमप्रूफ, म्हणजे आतल्या ठिणगीने बाहेरची वाफ पेटणार नाही असं. त्यामुळे तो स्टार्टर दिसल्याबरोबर मी बोललो. भाऊजी म्हणाले, "अरे, गाडीतही पेट्रोलच असतं ना?" असतं. पण गाडीचं इंजिन खालून उघडं, वाफ रस्त्यावर निघून जाते. बोटीचा तळ बंद. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळात उतरते आणि तिथेच बसून राहते. हवेत तिचं प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास गेलं की एक ठिणगी पुरते, आणि स्टार्टरचे ब्रश, म्हणजे फिरत्या भागाला घासून वीज देणारे तुकडे, ठिणगी पाडणारच. बोटीचा स्टार्टर ती बाहेर येऊ देणार नाही असाच बनवतात. गाडीचा तसा बनवत नाहीत. एवढाच वाद आहे आणि भाऊजींना तो आजतागायत मान्य नाही.

एका मे महिन्यात आम्ही सगळे गेलो होतो, मुलंबाळं धरून. भाऊजींनी सगळ्यांना बसवून मग जेरी कॅनने टाकी भरली. चावीला हात घातला तेवढ्यात ताई म्हणाली, "पेट्रोलचा वास येतोय." "आत्ताच भरलंय, येणारच." मी चावी उपसून खिशात घातली आणि मुलांना काठावर उतरवलं. भाऊजी घाटावरच्या लोकांदेखत माझ्यावर ओरडले, घाबरट म्हणाले. मी फळी उचलली. तळातल्या पाण्यावर पेट्रोलचा तवंग होता, टाकीच्या नळीचा क्लॅम्प सैल पडला होता. तळातलं पाणी उपसायचा पंप लावू दिला नाही, कारण तो पेट्रोल नदीत टाकणार. स्पंजने टिपून सगळं कॅनमध्ये भरलं. दुपार त्यातच गेली.

अजूनही दिवाळीला वडोदऱ्यात दांडिया बाजारच्या घरी सगळे जमले की भाऊजी विचारतात, "काही झालं तरी का?" झालं नाही, कारण चावी माझ्या खिशात होती.

तर तुम्ही एवढं करा. पेट्रोल भरताना माणसं काठावर, शेगडी बंद, दारं-खिडक्या बंद. भरून झालं की सगळं उघडायचं. हलवता येणारी टाकी असेल तर काठावर नेऊनच भरा. इंजिन सुरू करण्याआधी चार मिनिटं ब्लोअर (इंजिनच्या खोलीतली हवा बाहेर फेकणारा पंखा) चालवायचा, पण त्याच्याही आधी तळाशी नाक नेऊन वास घ्यायचा. वास आला तर ब्लोअरसकट कुठल्याच बटणाला हात नाही. सांडलेलं पेट्रोल ब्लोअरने जात नाही. शेगडीचा गॅस, एलपीजीही जडच, म्हणून गॅसचा सिलिंडर बाहेर उघड्यावर ठेवा आणि चहा झाला की सिलिंडरचाच व्हॉल्व्ह बंद करा. स्टार्टरची केबल सोडून बॅटरीच्या प्रत्येक लाइनला बॅटरीपासून वीतभराच्या आत फ्यूज हवा. पिळून टेप गुंडाळलेला जोड दिसला की कापा, नीट क्रिम्प करून, म्हणजे धातूच्या टोपणात दाबून, घ्या.

आता आग विझवायचा सिलिंडर. एबीसी पावडरचा, आयएसआय मार्कचा, एक स्टिअरिंगपाशी, एक शेगडीकडून बाहेर पडायच्या वाटेवर. इंजिनच्या खोलीत ठेवू नका, आग लागल्यावर तिथे हात पोचणार नाही. आणि तिथली आग विझवायला झाकण पूर्ण उघडू नका, हवा मिळून भडका होतो. झाकणाला सिलिंडरची नळी जाईल एवढं भोक आधीच करून त्याला बूच लावून ठेवा.

तुमचं इंजिन डिझेलचं असतं तर मी स्टार्टरवरून एवढा अडलो नसतो. डिझेलची वाफ तशी सहज पेटत नाही. तिथे तापलेल्या एक्झॉस्टवर गळणारी नळी बघायची.

नवा स्टार्टर घेताना त्यावर 'इग्निशन प्रोटेक्टेड' किंवा त्याच अर्थाच्या मानकाचा नंबर, एसएई जे११७१, लिहिलंय ना, ते बघूनच पैसे द्या. भाऊजी हे वाचतील याची खात्री आहे. भाऊजी, तुमचाही बदलून टाका, अर्धे पैसे मी देतो, बसवूनही देतो.