८+४ इरेझर कोडिंगमध्ये एक सर्व्हर गेला की दुरुस्ती इतकी जड का होते?

तुम्ही विचारलंय की महापे एमआयडीसीतल्या ऑफिसात १२ सर्व्हरचं सेफ (Ceph, अनेक सर्व्हरवर डेटा वाटून ठेवणारं सॉफ्टवेअर) क्लस्टर आहे, ८+४ रीड-सॉलोमन लावलंय (इरेझर कोडिंगचा एक प्रकार: डेटाचे आठ तुकडे, त्यांवरून गणिताने काढलेले चार जादा तुकडे, आणि बारांतले कुठलेही आठ हाती असले की डेटा परत मिळतो), पण एक सर्व्हर गेला की रिकव्हरी चालू असेपर्यंत सगळं नेटवर्क तुंबतं. तर पुन्हा डेटाच्या तीन पूर्ण प्रती ठेवण्याकडे जावं का?

कृपा करून जाऊ नका. तीन प्रतींना तिप्पट जागा लागते आणि दोन प्रती गेल्या की शेवटच्या एकीवर भिस्त. तुमच्याकडे दीडपट जागेत चार सर्व्हर गेले तरी डेटा शाबूत राहतो. हे सोडण्यासारखं नाही.

दुखणं वेगळं आहे. रीड-सॉलोमनमध्ये हरवलेला एक तुकडा पुन्हा काढायला उरलेल्यांपैकी आठ तुकडे अख्खे वाचावे लागतात. गेलेल्या सर्व्हरवर १० टीबी असेल तर वाचन ८० टीबीचं, आणि त्यातलं बहुतेक नेटवर्कवरूनच जातं. मी ऐरोलीत स्टोरेजचंच काम करतो. माझं ठाम मत आहे की कोड निवडताना लोक फक्त जागा मोजतात, दुरुस्तीचं वाचन मोजत नाहीत. रोजच्या कामात तर बहुतेक वेळा एकच डिस्क किंवा एकच सर्व्हर जातो.

यावर २०१० साली संशोधक डिमाकिस आणि सहकाऱ्यांनी रीजनरेटिंग कोडची मांडणी केली: कमी नोड्सकडून (म्हणजे सर्व्हरकडून) अख्खे तुकडे मागण्यापेक्षा जास्त नोड्सकडून थोडं थोडं मागा. तुमच्या मांडणीत उरलेल्या ११ जणांनी प्रत्येकी पाव तुकडा दिला की पुरतं. ११ भागिले ४, म्हणजे पावणेतीन तुकडे. ८० टीबीचे साडेसत्तावीस झाले, आणि जागा तेवढीच! हे प्रत्यक्षात आणणारा क्ले कोड २०१८ मध्ये आला, त्यात बंगळुरूच्या आयआयएस्सीच्या संशोधकांचा मोठा वाटा आहे, आणि सेफमध्ये त्याचं प्लगइन आहे.

पण एक गोष्ट नीट बघा. ८+४ क्लेमध्ये प्रत्येक चंकचे (म्हणजे तुकड्याचे) ६४ उपतुकडे होतात. चंक ४ केबीचा असेल तर एकेक उपतुकडा ६४ बाइटचा. नेटवर्कचा भार हलका होईल, पण डिस्क ब्लॉकनेच वाचते, तिला तो ब्लॉक अख्खाच वाचावा लागेल. बॅकअप, व्हिडिओ अशा मोठ्या फाइलींना मोठा स्ट्राइप युनिट (एका वेळी लिहायच्या चंकचा आकार) ठेवून हा कोड शोभतो. बारीकसारीक फाइलींसाठी मी तो लावणार नाही. मायक्रोसॉफ्टने अझूरसाठी वेगळी वाट धरली: १२ तुकड्यांचे दोन गट आणि प्रत्येक गटाची स्वतःची पॅरिटी (दुरुस्तीसाठीचा जादा तुकडा), त्यामुळे डेटाचा एक तुकडा गेला तर सहाच वाचायचे. डिस्कला ते सोपं जातं.

चालू पूलचा (सेफमधल्या साठवणीच्या कप्प्याचा) कोड बदलता येत नाही. नवा पूल करून डेटा हलवावा लागेल, म्हणून आधी छोट्या पूलवर एक ओएसडी (एका डिस्कचं काम बघणारा सेफचा प्रोग्रॅम) मुद्दाम बंद करून मोजा. आणि १२ सर्व्हरवर १२ तुकडे म्हणजे गेलेला तुकडा ठेवायला मोकळा सर्व्हरच नाही, तेव्हा कोड कुठलाही घ्या, तेराव्या सर्व्हरची मागणी आजच टाका.