आधी आधण, मग निखारे: व्हिक्टोरियाच्या जंगलातली चूल

ईस्टरच्या सुट्टीत दोन लहान मुलांना घेऊन ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातल्या स्टेट फॉरेस्टमध्ये, म्हणजे सरकारी जंगलात, तंबू टाकायचा बेत आहे, गॅस न नेता पाणी आणि स्वयंपाक सगळं शेकोटीवर भागेल का, आणि घरचा प्रेशर कुकर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. भागेल, पण छोटी गॅसची शेगडी गाडीत असू द्याच. टोटल फायर बॅन, म्हणजे आगीवर पूर्ण बंदी, जाहीर झाला की त्या दिवशी लाकडाची आग अजिबात पेटवता येत नाही, आदल्या रात्रीचे निखारेही चालत नाहीत. गॅसलाही त्या दिवशी अटी असतात. म्हणून एक दिवस निभेल एवढ्या दशम्या, चटणी, फळं बरोबर ठेवा. बंदी विभागानुसार लागते, त्यासाठी राज्याचे ९ विभाग केलेत. आपण कोणत्या विभागात चाललोय ते घरूनच बघा, कारण डोंगरात फोनला रेंज मिळेलच असं नाही. काही ठिकाणी तर, उदाहरणार्थ विल्सन्स प्रॉमन्टरी या राष्ट्रीय उद्यानात, बारा महिने शेकोटीला मनाई आहे. ७ फेब्रुवारी २००९ च्या वणव्यांत या राज्यात १७३ माणसं गेली. इथले लोक आगीच्या बाबतीत एवढे काटेकोर का, हे आपण बाहेरून आलेल्यांनी समजून घ्यायला हवं.

जागेवर बांधलेली चूल असेल तर तीच वापरा. नसेल तर ३० सेंटिमीटर खोल चर खणायचा, सगळ्या बाजूंनी आणि वरसुद्धा ३ मीटरपर्यंत पेट घेईल असं काही ठेवायचं नाही, आग १ चौरस मीटरच्या आत, आणि हाताशी किमान १० लिटर पाणी. चुलीला नदीतले गोटे लावू नका. त्यांच्यात पाणी मुरलेलं असतं, तापले की फुटून कपच्या उडतात. मुलं जवळ बसणार म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

सरपण खाली पडलेलं आणि वाळलेलं घ्या, तेही त्या जागी गोळा करायला परवानगी असेल तरच. उभं वठलेलं झाड तोडायचं नाही. त्याच्या ढोल्यांत पॉसम आणि ग्लायडर हे झाडांवरचे छोटे प्राणी, पोपट राहतात. काटकी कटकन मोडली तर वाळलेली, नुसती वाकली तर सोडून द्या. मोठे ओंडके हवेतच कशाला? मनगटाएवढी लाकडं स्वयंपाकाला पुरतात. रेड गम, आयर्नबार्क किंवा बॉक्स या इथल्या निलगिरीच्या जातींचं लाकूड पेटायला वेळ घेतं, पण त्याचे निखारे रात्रभर धग धरतात.

आता मुख्य मुद्दा. नवीन माणसं आग पेटली रे पेटली की कढई चढवतात. मग खालून करपतं, वरून कच्चं राहतं आणि धुराने डोळे चुरचुरतात. ज्वाळा पाण्यासाठी, निखारे जेवणासाठी, एवढं धरून चाला. ढणढण पेटलेली असताना झाकण लावलेलं मोठं पातेलं किंवा इथे मिळते ती बिली, म्हणजे कडीचा पत्र्याचा डबा, ठेवायची आणि चहाचं, भाताचं, आंघोळीचं, भांड्यांचं सगळं पाणी तेव्हाच तापवून घ्यायचं. झाकण हवंच, नाहीतर वेळही जातो आणि पाण्यात राख पडते. त्यात पाऊण-एक तास जातो, तोवर लाकडं बसतात आणि निखारे तयार होतात. स्वयंपाक तिथून पुढे. एका कडेला लहानशी आग चालू ठेवून फावड्याने निखारे दुसऱ्या कडेला ओढून घेतले की झाली चूल आणि वैल.

नदीचं पाणी प्यायचं असेल तर खळखळून उकळी आल्यावर आणखी एक मिनिट तरी उकळू द्या. पण उकळल्याने जंतू मरतात, विष जात नाही. निळ्या-हिरव्या शेवाळाचं पाणी किंवा जुन्या सोन्याच्या खाणींच्या भागातलं पाणी उकळूनही पिऊ नका. मुलं बरोबर आहेत, तर पिण्याचं पाणी घरूनच कॅन भरून न्या.

भांडी काळी होतील ही चिंता आजीच्या पद्धतीने सुटते. चढवण्याआधी पातेल्याला बाहेरून ओल्या मातीचा किंवा राखेचा पातळ लेप द्यायचा. घासताना काजळी लेपासकट निघून येते.

कुकर नको. मुठी प्लास्टिकच्या, रिंग रबराची, आणि निखाऱ्यांची आच हवी तेव्हा कमी करता येत नाही. तूरडाळीचा हट्ट सोडा, डोंगरात उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं आणि ती शिजता शिजत नाही. मसूर किंवा मुगाची डाळ दुपारीच डब्यात भिजत घाला, संध्याकाळी पटकन मऊ होते. पिठल्याइतकं सोयीचं तर काहीच नाही. कांदे, बटाटे, रताळी थेट राखेत पुरा. वांगं निखाऱ्यांवर फिरवत राहायचं. साल फुटून रस चरचरायला लागला आणि देठाजवळ दाबून मऊ लागलं की काढायचं, भरताला याहून चांगलं वांगं घरी भाजून होत नाही.

भाकरी करणार असाल तर बिडाचा तवा न्या. दोन्ही बाजू तव्यावर झाल्या की तवा उतरवून भाकरी निखाऱ्यांच्या तोंडाशी, दगडाला टेकवून उभी करायची, थेट निखाऱ्यांवर नाही. पापुद्रा सुटून ती हळूहळू फुगते. मुलं हे टक लावून बघतात.

बिडाचा कॅम्प अव्हन, म्हणजे झाकणाचं जाड भांडं, मिळाला तर जरूर न्या. झाकणाला कड असते, त्यावर निखारे ठेवता येतात. भाजायचं असेल तर वर जास्त, खाली कमी. इथले लोक त्यात डॅम्पर नावाचा साधा पाव करतात. आपल्याकडे भानोलं हा भाजायचा पदार्थ वर-खाली निखारे ठेवून करतात, अगदी तेच तंत्र.

झोपण्याआधी आग पाण्यानेच विझवा. माती टाकू नका: वरून विझल्यासारखं दिसतं, खाली धग तासन्‌तास राहते आणि सकाळी मूल अनवाणी त्यावर पाय देतं. पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता, फसफस थांबेपर्यंत. हाताची मागची बाजू आधी जवळ नेऊन बघा, मग टेकवून. गार लागली तरच आत जा.

आणि सकाळच्या चहापुरत्या वाळक्या काटक्या रात्रीच गाडीत टाकून ठेवा, कारण ईस्टरच्या सुमारास दव खूप पडतं आणि बाहेरचं सगळं सरपण ओलं झालेलं असतं.